ठिपका नसलेली पुस्तकं

सोम., १६ नोव्हें.
पेणहून दोनची एस.टी. नागोठण्यात अर्धा तास नुसती उभी. रोह्याला पोचले तर ग्रंथालयाच्या पायरीवर पाच-सहा कार्टी बसलेली, बालविभागाची किल्ली माझ्याकडे म्हणून. दार उघडेपर्यंत कलकल, उघडल्यावर दुप्पट.

डिसेंबरची यादी करायची आहे. दारातल्या फळ्यावर दर महिन्याला दहा पुस्तकं सुचवते. पाच चित्रांची, पाच मोठ्या पोरांच्या कादंबऱ्या, प्रत्येकापुढे एकेक ओळ. ओळ गोडगोड लिहिली की पुस्तक कपाटात पडून राहतं. मागच्या महिन्यात ‘भित्र्यांनी नेऊ नये’ असं लिहिलं तर तासाभरात तिघांत भांडण.

निघता निघता अक्षताची आई आली, वंदना. अक्षता सहावीतली, पुलापलीकडे अष्टमीला राहते. आठवड्याला दोन पुस्तकं फस्त करते आणि प्रत्येकाचं शेवटचं पान आधी वाचते, त्यावरून माझी बोलणी खाते. मला वाटलं पुस्तक हरवलं असेल. वंदना म्हणाली, “बाई, हिच्या पप्पांना मुंबईला दाखवलं. पोटात सगळीकडं पसरलंय. घरी न्या बोलले, आता इलाज नाय.” उभ्या उभ्या बोलली, बस म्हटलं तरी बसली नाही. “अक्षूला कावीळ सांगितलंय. शाळेत पण तेच. तुम्ही पण तेच सांगा. आन् पुस्तकं देताना बघून द्या. कोण मरतंय-बिरतंय असलं नको.”

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

तिचा नवरा दिनेश इथे एकदाच आलाय, अक्षताचं नाव घालायला. चपला पार फाटकाबाहेर काढून आलेला, देवळात आल्यासारखा. कंपनीत ऑपरेटर. वय एकोणचाळीस.

बुध., १८ नोव्हें.
अक्षतासाठी पुस्तकं बाजूला काढली. सोपं आहे, ठिपका बघायचा.

नऊ वर्षांपूर्वी एका पोराला म्हाताऱ्या नावाड्याचं पुस्तक दिलं होतं. चित्रं अप्रतिम, शेवटी नावाडी मरतो. त्याच आठवड्यात त्या पोराचे आजोबा गेले होते, मला पत्ता नाही. पुस्तक घरच्यांनी आणून दिलं, पोर पुन्हा आलं नाही. तेव्हापासून प्रत्येक पुस्तक आधी मी वाचते, आणि त्यात मरण असलं की शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीचा बारीक ठिपका. कुणाला काय झालंय ते बघून मग पुस्तक द्यायचं. ही माझी एकटीची खूण. मोठ्यांच्या विभागातल्या पाटकरांनाही माहीत नाही.

आज कपाट उपसलं आणि एक गोष्ट खुपली. चांगली म्हणावीत अशी निम्म्याहून जास्त पुस्तकं ठिपक्याची.

शनि., २१ नोव्हें.
अक्षताला सुट्टी-गुहा-चोर असलं एक दिलं. चार मुलं, एक कुत्रा, एक गुहा, शेवटी फौजदार शाबासकी देतो. तिने शेवटचं पान बघितलं, नेलं.

जाताना म्हणाली, “पप्पांना उसाचा रस द्यायचाय. काविळीला चांगला असतो.” हातात बाटली. मी “हो, चांगला असतो” म्हणाले. माझ्याच आवाजाची मला चीड आली.

सोम., २३ नोव्हें.
गुहेचं पुस्तक परत. अभिप्राय: “चोर बावळट होते. कुठला चोर इतकं मोठ्याने बोलतो?” बरोबर आहे. दुसरं दिलं, त्यात बेट आहे. गुहा बेटावर आहे.

बुध., २ डिसें.
यादी लावली. पाटकर वाचून म्हणाले, “या महिन्यात सगळा आनंदीआनंद दिसतोय.” मी म्हटलं, थंडी आहे. चहा पिताना त्यांनी आवाज उतरवून विचारलं, “त्या अष्टमीवाल्यांची कावीळ काय म्हणते?” म्हणजे यांनाही माहीत आहे. वाण्याला माहीत आहे, रिक्षावाल्याला माहीत आहे. अख्खी अष्टमी एका सुरात कावीळ म्हणते. आमच्याकडे रस्त्याच्या खड्ड्यावर एवढं एकमत होत नाही.

बुध., ९ डिसें.
अक्षता कपाटाकडे न जाता टेबलाशी उभी.

“बाई, कावीळ किती दिवसांत बरी होते?”
“माणसामाणसावर असतं.”
“पुस्तकात लिहिलंय, विश्रांती घेतली की बरी होते. पप्पा विश्रांतीच घेतात.”

मी म्हणाले, पुस्तकात सगळंच लिहिलेलं नसतं. तोंडातून गेलं आणि मग ऐकू आलं. तीस वर्षं पोरांना पुस्तकं देत आले, असलं वाक्य कुणाला बोलले नव्हते.

तिने मान डोलावली. मान डोलावणारी पोर नाही ही. वाद घालणारी आहे.

शनि., १९ डिसें.
आजचं सगळं लिहून ठेवते.

गर्दी ओसरल्यावर आली. हातात दोन पुस्तकं, कपाटातून स्वतः काढलेली, एक बेटाचं, दुसरं भाऊ बुडतो ते. दोन्हींची शेवटची पानं उघडून माझ्यापुढे ठेवली, शेजारी शेजारी.

“याला ठिपका नाही. याला आहे.”

मी चष्मा पुसायला घेतला.

“ज्यात ठिपका असतो त्यात कोणतरी मरतं. मला गेल्या वर्षीच कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही.” मग बेटाच्या पुस्तकावर बोट ठेवलं. “दिवाळीनंतर तुम्ही मला ठिपक्याचं एकही दिलं नाहीत. आधी द्यायचात.”

खरं सांगायची वेळ असेल तर ती हीच होती, एवढं मला तेव्हाही कळत होतं. मी काय म्हणाले? मी म्हणाले, ठिपका म्हणजे बांधणीला द्यायची पुस्तकं. शिवण सैल झालेली.

तिने भाऊ बुडणारं पुस्तक उलटंसुलटं केलं. शिवण चांगली घट्ट. “हं,” म्हणाली आणि ते जागेवर ठेवून आली. शहाणी माणसं मोठ्यांची अब्रू राखतात तसं.

एस.टी.त बसायला जागा मिळाली तरी उभी राहून आले. वडखळपर्यंत तरी.

सोम., २१ डिसें.
मूर्खपणा केला. दोन वाजताच गेले, दार आतून लावून घेतलं आणि खोडरबर घेऊन बसले. एकेक पुस्तक काढायचं, कोपऱ्यातला ठिपका खोडायचा. चार वाजेपर्यंत निम्मं कपाट झालं. बाहेर पोरं दार वाजवायला लागली तशी थांबले. बोटं दुखतायत.

शनि., २६ डिसें.
जुना कागद. खोडलं तिथे तो पांढरा पडलाय, दोन-तीन ठिकाणी साल निघालीय. ठिपक्यापेक्षा ठळक दिसतं. हे आधी सुचू नये?

अक्षताने कपाटासमोर मांडी घालून एकेक पुस्तक उघडलं. कोपऱ्यावर बोट फिरवायची, बंद करायची, पुढचं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. एकही पुस्तक न नेता गेली. आजवर असं झालं नव्हतं.

मी एका पोरीला सांगायचं नाही असं कबूल केलं होतं, आणि तीच बातमी कपाटभर लिहून ठेवली.

सोम., ४ जाने.
वंदना आली ती भरल्या विभागात. भाऊ बुडणारं पुस्तक टेबलावर आपटलं. अक्षताच्या उशीखाली सापडलं. मैत्रिणीच्या कार्डावर नेलं होतं.

“तुम्ही शब्द दिला होता मला.”

मुलं वळून बघायला लागली. मी तिला मागच्या खोलीत नेलं, जिथे फाटक्या पुस्तकांचा ढीग असतो. म्हटलं, वंदना, तिला कळलंय. माझ्यामुळे कळलं असेल, पण कळलंय. आता सांगून टाक, पोर एकटीच सहन करतेय.

“कळलंय तर कळू दे. बोलायचं नाय.”
“अगं पण का?”
“मी बोलले की मंग झालंच ना ते.” पदर तोंडावर दाबला. “सासूबाय रोज इचारतात, आज रंग जरा बरा वाटतो ना गो. मी व्हय बोलते. त्या पन जानतात, मी पन जानते. एवढ्यावर घर उभं हाय, बाई. तुम्ही पुस्तकवाल्या, तुमचं ठीक हाय.”

गेली. मला राग यायला हवा होता तिचा. आला नाही.

मंगळ., ५ जाने. पेण
आज रोहा नाही. दिवसभर घरात, एक काम धड झालं नाही.

मी नऊ वर्षांची होते तेव्हा मला कोलाडला मावशीकडे ठेवलं होतं. आईला बरं नाही, बरं वाटलं की नेऊ. मावशीने खूप लाड केले, रोज काहीतरी गोड. बाराव्याला आणलं. पाटापुढे पान वाढलेलं, भिंतीशी आईचा फोटो, फोटोला हार. कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं राहूनच गेलं त्यांचं, आणि मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. वडील नंतर तीस वर्षं जगले. आमचं त्यावर एक अक्षर बोलणं झालं नाही.

हे मी वंदनाला सांगायला हवं होतं. त्याऐवजी अगं पण का म्हणाले.

बुध., ६ जाने.
पाटकरांकडे निरोप. दिनेशने बोलावलंय, शनिवारी तीन वाजता, अक्षता क्लासला गेल्यावर. वंदनाला सांगू नका असंही.

शनि., ९ जाने.
पुलावरून चालत गेले. कुंडलिकेला पाणी कमी, खाली बायका कपडे धूत होत्या.

दिनेश पुढच्या खोलीत खाटेवर. ओळखलं नाही मी. अंगावर पोट तेवढं उरलंय. वंदना बाहेर गेलेली. त्याची आई पाणी ठेवून लगेच आत गेली.

“बसा बाई. उठता येत नाय, माफी असावी.”

इकडचं तिकडचं झालं. मग त्यानेच विचारलं.

“बायला, अक्षूला कळलंय का हो?”
“मला वाटतं कळलंय.”
“व्हय ना. मला बी तेच वाटतंय. पहिली माझ्या तोंडाकडं बघायची, आता हाताकडं बघते.” हात वर करून दाखवला. काड्या. “घरात कोन काय बोलत नाय. आये नारल ठेवते देवापुढं, वंदना रांधते, बाय अभ्यास करते. मी इथं पडल्याला. मला बोलायचंय तिच्याशी. पन बसलो बोलाया की दुसरंच निघतं. परवा सगली हिम्मत धरली आन् काय बोललो, तर सायकलच्या चेनला तेल घाल.”

हसला. मीही हसले. त्याला दम लागला, थांबलो.

“तुम्ही पोरांना पुस्तक सांगता ना, हे वाच, ते वाच. मला सांगा येक. मी वाचून दाखवीन तिला, मंग तिला समजंल. मोठं नको, माझा दम पुरत नाय. नववी नापास हाय मी, जोडाक्षरं कमी असतील असं बघा.”

मी विचारलं, शेवट कसा हवा. पोरांना विचारते तसं, सवयीने.

त्याने अंगावरची चादर सारखी केली. “शेवट काय का असना. पोर येकटं राह्यलेलं नको.”

लिहून घेतलं. खरोखरच वहीत लिहून घेतलं, जसं काही विसरणार होते.

सोम., ११ जाने.
कपाट पहिल्यापासून. आता ठिपक्याचीच हवीत आणि निम्मे ठिपके मी खोडलेत. प्रत्येक पुस्तक उजेडात धरून ठिपका, नाही तर पांढरा डाग शोधत बसले. कर्म माझं.

चित्रांची पुस्तकं काढली सात. आजी मरते, तिचा तारा होतो. आजोबा मरतात, तारा. चिमणी मरते, तिचाही तारा. एवढे तारे असते तर रोह्याला विजेची गरज पडली नसती. एकात बाबा ‘लांबच्या प्रवासाला’ जातात आणि शेवटच्या पानावर मुलगी खिडकीत वाट बघत बसलेली. हे लिहिणाऱ्याला समोर उभं करून विचारावंसं वाटतं, कशाची वाट बघतेय ती? किती वर्षं बघायची?

एक अस्वलाचं. चित्रं अतिशय देखणी, पण पानोपानी बर्फ, आणि पिल्लू शेवटी एकटं बर्फात चालत जातं. बाद.

बुध., १३ जाने.
कादंबऱ्या त्याला झेपणार नाहीत, तरी चाळल्या. आमच्या पुस्तकांत म्हातारे मरतात, कुत्री मरतात, राजे मरतात. कंपनीत शिफ्टला जाणारा, एकोणचाळीस वर्षांचा बाप एकाही पुस्तकात मरत नाही. पानं उलटून उलटून शेवटी मोठ्याने शिवी गेली तोंडातून. दोन मुली फिदीफिदी हसल्या.

तीस वर्षं यादी करतेय मी. कुणाचं बोट धरून कुठे नेलं मग?

गुरु., १४ जाने. पेण
संक्रांत. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यातली पोरं तिळगूळ देऊन गेली, हातापायांना पांढरी माती तशीच. गोड बोला म्हणाली. इथल्या ग्रंथालयातही जाऊन शोधलं. तेच तारे.

शनि., १६ जाने.
सापडलं. कपाटात नव्हतंच. मागच्या खोलीत, फाटक्यांच्या ढिगात. मागचं पुठ्ठ्याचं कव्हर गेलेलं म्हणून कधी दिलंच नव्हतं.

हत्तींचं आहे. पिल्लू आणि आई, दोघं कळपाच्या मागून पाण्याकडे चाललीत. आई हळू चालते. पिल्लू विचारतं, दमलीस? आई म्हणते, थोडी. पहिली दहा पानं एवढंच, चालणं, ऊन, सावली, पिल्लाचे प्रश्न. अकराव्या पानावर आई खाली बसते. मजकूर एका ओळीचा. ‘आई मेली.’ देवाघरी नाही, प्रवासाला नाही, तारा नाही. मग चार पानं मजकूरच नाही. कळप परत फिरलेला, सगळे हत्ती तिच्याभोवती उभे, सोंडा तिच्या अंगावर. पिल्लू मधोमध, मोठ्या पायांच्या जंगलात. शेवटी कळप पाण्याकडे निघतो, पिल्लू मावशीची शेपूट धरून.

तिथेच ढिगाशेजारी खाली बसून वाचलं. रडले. मग पाटकरांकडून डिंक मागून आणला आणि पुठ्ठा लावला.

सोम., १८ जाने.
अष्टमीला जाऊन दिनेशला दिलं. बालविभागाच्या रजिस्टरमध्ये त्याचंच नाव घातलं. नियम चौदा वर्षांच्या आतला आहे. वयाचा रकाना कोरा ठेवला.

त्याने चाळलं. अकरावं पान उघडून हातात धरून ठेवलं. “जोडाक्षरं नायच हायेत,” म्हणाला.

सांगितलं, घाई नको, चित्रं बघू दे तिला. तो म्हणाला, पूर्वी धरमतरच्या खाडीत मालाच्या बार्जवर होतो तेव्हा मुकादम बोलायचा, दोर सोडताना हळू सोड. “तसंच ना?” तसंच म्हटलं.

सोम., २५ जाने.
अक्षता आली नाही. मुदत आज संपली, रजिस्टरला मीच आठ दिवस पुढे ढकलली. कळण्याचा काही मार्ग नाही. पाटकरांना विचारलं तर म्हणाले, घरी सलाईन लावलंय म्हणतात.

वाचून झालं असेल का? झालं असेल तर पोर कशी असेल? मी एक पुस्तक देऊन मोकळी झाले. औषधवाला बाटली देतो तसं.

सोम., १ फेब्रु.
फळ्यावर अजून डिसेंबरचीच यादी. एक बाई मुलाला घेऊन आल्या, काहीतरी आनंदी सुचवा म्हणाल्या, त्याला रडकं आवडत नाही. सुचवलं. गोगलगाईचं, चित्रं छान आहेत. खोटं नाही, खरंच छान आहेत.

बुध., ३ फेब्रु.
वंदना आली. मला वाटलं आता पुन्हा टेबलावर पुस्तक आपटणार. पण बसली. पहिल्यांदाच बसली.

“हे रोज वाचतात तिला. चार वाजता, शाळेतून आली का. मी आतून ऐकते.” बोटाने टेबलावरची धूळ एका बाजूला सारत होती. “दहाव्या पानाला थांबतात. मग दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासनं. मला पन पाठ झालंय आता, दमलीस, थोडी. पुढं काय हाय हो? मी नाय उघडून बघितलं.”

मी सांगितलं. पान अकरा, मग कळप, मग मावशीची शेपूट. काही न लपवता.

तिने पदराने उरलेली धूळ पुसली. “येकटं नाय ना राहत ते?”
“नाही.”
“मंग ठीक हाय.”

कोलाडचंही सांगितलं तिला. पाटापुढचं पान, फोटो, सगळं. तिने ऐकून घेतलं. उठताना माझ्या हातावर हात ठेवला, गार होता. पुस्तक आणखी आठ दिवस लागेल म्हणाली.

शनि., ६ फेब्रु.
पाटकर: “आता खरं नाही.” अंगणात रोज कोणी ना कोणी बसलेलं असतं म्हणे. पायऱ्यांशी चपलाच चपला.

जावं का? गेले तर काय म्हणून जाणार? पुस्तकाची बाई म्हणून?

नाही गेले.

बुध., १० फेब्रु.
सव्वापाचला अक्षता आली. एकटीच, शाळेच्या गणवेशात. वाळलीय. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, कोपरे नीट दुमडून.

“हे वाढवून पाहिजे.”

शिक्का शोधता शोधता विचारलं, कुठवर आलंय.

“दहाव्या पानापर्यंत. मग पप्पांना खोकला येतो. येत नाही, पण ते खोकतात. मग मी म्हणते, उद्या वाचू.”

“पुढे काय आहे, तुला माहीत आहे का?”

“पहिल्याच दिवशी वाचलं. पप्पा झोपले होते तेव्हा.” रोजच्यासारखंच बोलत होती. डोळे कोरडे. “आता त्यांना अक्षरं नीट दिसत नाहीत. मी बोट ठेवते, ते म्हणतात. कधी कधी दुसरंच म्हणतात, पण चालतं.”

मी खुर्चीवरून उठले. काय म्हणणार होते ते आता आठवत नाही. तिचं नाव घेतलं एवढं नक्की, आणि तुझे पप्पा असं काहीतरी. तिने मला पुढे बोलू दिलं नाही.

“बाई, तुम्ही नका सांगू. ते सांगणार आहेत मला.”

खाली बसले. रजिस्टर ओढलं. आणि सवयीने, केवळ सवयीने, तोंडातून गेलं, “चित्रांचं पुस्तक सातच दिवस मिळतं हं.”

जीभ चावली. तिने वर बघितलं. थोडी थांबली, मनात काहीतरी मोजल्यासारखी.

“सात चालतील,” म्हणाली.

१७ तारखेचा शिक्का मारला. आकडा फिका उमटला. पुन्हा मारू का विचारलं तर नको म्हणाली, वाचता येतंय. पुस्तक दप्तरात न घालता हातातच घेऊन गेली.

मागे दोघी बहिणी उभ्या होत्या. त्यांना गुहेचं हवं होतं. दिलं.